तिकिटं

वही अजून आहे. गोंद सुकून पानं पिवळी पडलीत.
नातू म्हणतो, आजोबा, विका, पैसे येतील.
मी म्हणतो, अपुरी आहे.

जालन्याच्या मिशन दवाखान्यात
माझे वडील, निवृत्ती कंपौंडर, मिक्श्चर ढवळायचे
आणि आत डोळे तपासायच्या डॉक्टर लेवीसोनबाई.
ब्रेस्लाऊच्या. तिथल्या इस्पितळानं एका एप्रिलात सांगितलं,
उद्यापासून येऊ नका.
हे मला फार पुढं कळलं.
तेव्हा एवढंच ठाऊक, की मनमाडची गाडी आली
की बाईंना आईचं पत्र येतं
आणि तिकीट मला मिळतं.

लिफाफ्याचा कोपरा वाटीतल्या पाण्यात भिजत घालायचा.
तोवर त्या उभ्यानंच वाचायच्या.
एखादं वाक्य मराठीत, माझ्याकडं न बघता:
"आगाटाला काढावं लागलं. एकोणीस वर्षं
आमच्या घरी स्वयंपाक करत होती. आता कायदा झालाय."
चोरी केली का तिनं?
"तिनं काही नाही केलं. आम्ही ज्यू आहोत."
तिकीट सुटलं. म्हातारा सेनापती, पंचवीस फेनिग, निळा.

मग बागेतला बाक गेला,
आईचा, लिंडनच्या झाडाखालचा.
मी लिंब ऐकलं.
लिंबाखाली बसायला कोण कुणाला नको म्हणतंय?
वडलांचा हात बाटलीवर थांबला.
पाणवठ्यावरून हाकललेल्या माणसाला
बाक म्हणजे काय, ते विचारावं लागत नाही.

नोव्हेंबरातलं पत्र डिसेंबर सरता आलं.
त्यातलं बाईंनी काहीच सांगितलं नाही.
त्या दिवशी माझ्या हातून बाटली फुटली, तर म्हणाल्या,
राहू दे, काचा मी झाडते.

पुढच्या लिफाफ्याच्या पाठीवर नाव लांबलेलं:
रोझा सारा लेवीसोन.
ही सारा कोण? बहीण का तुमची?
"तिकडं आता आम्ही सगळ्याच सारा. सरकारनं वाटलंय."
मी हसलो. आमच्या वर्गात तीन नामदेव होते.

चांदीचे चमचे मोजून दिले, पावती मिळाली,
असं काहीतरी होतं त्यानंतरच्या पत्रात.
मला आठवतं ते तिकीट. मिशीवाला, नवा कोरा.
आठवडाभर उशाखाली घेऊन झोपलो.

लढाई लागली, पत्रं थांबली.
इकडं बाईच दुश्मन ठरल्या, जर्मन म्हणून.
दर सोमवारी अमीनसाहेबांच्या कचेरीत सही.

तिसऱ्या वर्षी रेड क्रॉसचा एक कागद आला.
पंचवीस शब्दांची मुभा.
बाईंनी बोटानं मोजले. बावीस.
प्रवासाला निघतोय, एवढं मराठीत सांगितलं, आणि
कुठं ते लिहिलेलं नाही.

मी चौदाचा होतो. कळायला हवं होतं.
कागद उलटा करून विचारलं,
यावर तिकीट नाही?

बाहेर ओट्यावर सोळा माणसं बसलेली.
बाईंनी हात धुतले, पहिल्या म्हातारीची हनुवटी उचलली.
वर बघा.
खाली बघा.
आता माझ्याकडं.