व्हॉल्व

आष्टीच्या फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान.
दिवसभर लोहखनिजाचे ट्रक जातात,
ट्यूब बुडवायच्या घमेल्यात
संध्याकाळपर्यंत लाल गाळ बसतो.

आचलच्या अंगातही बसतो.
दर एकवीस दिवसांनी रक्ताची पिशवी,
पिशवीतून चिमूटभर लोह,
आणि देहाला ते सोडायला मोरीच नाही.
मी हिशोब केला : चौदा वर्षांचं मिळून
जीपच्या चाकाचा एक नट.
औषधानं थोडं निघतं. बाकीचं आधी काळजात, मग हृदयात.
मला तोवर दोन्ही एकच वाटायचं.

शाळेत सोमवारी लोहाच्या गोळ्या वाटतात,
हिची तेवढी परत जाते.
आशाताई सवयीनं म्हणते, पालक खात जा गं,
आणि जीभ चावते.

नागपूरला बोरकुटे मॅडमनी कागद पुढे केला.
औषध नवं नाही, बीपीचं आहे.
आमचे पोलीस पाटील चहासोबत घेतात तीच,
शर्टाच्या गुंडीहून लहान.
हृदयाच्या पेशीला कॅल्शियमसाठी दार असतं,
त्याच दारातून लोह घुसतं;
गोळी ते दार लोटून धरते, बहुतेक.
बहुतेक म्हणजे?
तेच तर पाहायचंय.
मी म्हटलं, व्हॉल्व.
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, हो, व्हॉल्व.

अर्ध्या मुलांना खरी, अर्ध्यांना नुसती.
डबी सारखीच, कोणती कोणाची ते त्यांनाही ठाऊक नाही.
हिची आई भांडली, "आमच्या पोरीले खडू काहून देता?"
मॅडम जरा वेळानं म्हणाल्या,
खरीचा उपयोग होतो, हे तरी
कुठं ठाऊक आहे आम्हाला अजून.

वर्षभर रात्री आठला गोळी.
मग त्या घरघरत्या मशीनीत झोपवलं.
आकडा अकरा होता, तेरा झाला.
वाढला ते बरं, पण एकीच्या आकड्यावरून
काही सांगता येत नाही म्हणे.
लिफाफे उघडायचे आहेत.

काल दुकानात टायरवर बसून आचल विचारते,
"बाबा, माही खडूची असली
तर खरी कोणाले गेली असन?"
"गेली असन कोणालेतरी."
"पोरगी असन का?"

मी ट्यूब पाण्यात दाबून फिरवत होतो.
बुडबुडा कुठून येतो ते दिसायला
पाणी आधी थांबावं लागतं,
आणि ट्रकामागून ट्रक येतच होता.