भुसा

व्हिएन्ना, जुलै १९१४

तलवारीच्या आखाड्यात भुसा पसरायचं काम माझं.
सत्तावीस वर्षं.
भुसा पाइनचा हवा आणि कोरडा;
ओला भुसा रक्त पीत नाही,
नुसता गुलाबी होतो.

एगॉन फॉन रीडाऊला मी पाहिला तो एकोणीस वर्षांचा.
नाचाच्या रात्री कुणाचा तरी धक्का लागला,
बाहीवर कॉफी सांडली.
अपमान झाला नव्हता,
पण झाल्याचं चार जणांनी पाहिलं होतं.
चोवीस तासांत दोन मित्रांनी निरोप पोचवायचा,
पंचविसाव्या तासाला नाक उरत नाही.

पहाटे तो भिंतीला धरून ओकला.
बादली मी धरली.
म्हणाला, व्हॉइटेख, मला त्याचा रागसुद्धा आला नव्हता रे.
मग तोंड पुसलं, हातमोजे चढवले, आत गेला.

त्याच वर्षी एकजण म्हणाला होता,
जाऊ द्या, शब्दच तर होता.
कुणी त्याला वाईट बोललं नाही.
मेसमध्ये मीठ मागितलं की मीठ मिळायचं.
फक्त त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या
रिकाम्या राहू लागल्या.
तिसऱ्या महिन्यात त्याने गणवेश परत केला.
ब्रनोला बटणं विकतो म्हणे. जिवंत आहे.

रीडाऊ आता मंत्रालयात.
माझी भाची लुडमिला तिथे मेजपोस बदलते.
ती सांगते, शेजारच्या छोट्या देशाला कागद जाणार,
मुदत अठ्ठेचाळीस तास.
मी मनात म्हटलं, चोवीस दुणे.
राज्याची बाही लांब असते.

नकाशे होते, ती म्हणते, आणि जर्दाळूचा केक.
घोडे किती, गाड्या किती, सगळं विचारून झालं.
हरलो तर, एवढं कुणी विचारलं नाही.
एका म्हाताऱ्याने तोंड उघडलं होतं,
मग त्याने डावीकडे पाहिलं,
उजवीकडे पाहिलं,
खुर्च्या भरलेल्या होत्या,
आणि त्याने पाणी मागितलं.

नंतर हात धुवायच्या खोलीत
साहेब बराच वेळ ओकत होते.
दार आतून बंद होतं.

आज भुसावाला आला, सोमवारचा.
किती पोती टाकू, म्हणाला.
आणि आधीच सांगून ठेवतो,
वखारीचं छप्पर गळलंय,
यंदाचा सगळा माल
ओला आहे.