साडेसात मिनिटं विहीर

गायधनी सरांनी कात्रण पाठवलं होतं,
लाल पेनाच्या खुणांसकट :
‘मौनाचं महाकाव्य’. पाचपैकी पाच तारे.
नाशिकला एकच खेळ, दुपारी तीन चाळीसला.
अर्धा दिवस रजा टाकली,
सातपूरहून थेट कॉलेज रोड,
बोटांना अजून कटिंग ऑइलचा वास.

थिएटरात मोजून नऊ माणसं.
पडद्यावर एक विहीर.
मग तीच विहीर.
मग विहिरीकडे बघणारा म्हातारा, पाठमोरा.
मी सरसावून बसले, आता काहीतरी होईल.
म्हाताऱ्याने डोकं खाजवलं.

माझं काम गेजचं.
भोकात गेज गेला तर पास, अडला तर रिजेक्ट,
दिवसाला सहाशे नग, कुणाची भीड नाही.
इथे गेज लावायचा कुठे तेच कळेना.
वाटलं, आपलाच झिजला असेल,
कॅलिब्रेशनला पाठवायला हवा.
घड्याळ एकदा पाहिलं, साडेसात मिनिटं,
मग लाज वाटून मनगट पर्सखाली दाबून धरलं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली टोपी हलली.
‘ही आमची!’
एसटीत आपलं गाव दिसल्यावर बोलतात, तसं.
कोणीतरी शुक् केलं.
विहीर गेली, शहर आलं,
एक बाई खिडकीशी रडली, संपला.
नावं वर सरकत होती
आणि झाडूवाला पोरगा दारात खोळंबला होता.

जिन्यावर टोपी भेटली :
लहानू भोये, पेठ तालुका, सकाळच्या गाडीने आलेले.
‘एवढीच दाखवली?’
त्यांनी मला विचारलं. मला!
‘तीन दिस मुक्काम होता त्यांचा.
म्हशीला ते सांगतील तिथं उभी केली,
उभी राहिली बिचारी, उन्हाची.
आन् म्हैस कापली.’
मी दचकले. मग कळलं.

स्कूटीवर मागे बसवून सीबीएसला सोडलं.
वाटेत एकदाच बोलले,
‘तिकिटाचं अडीचशे घेत्यात, बाई.’
पेठची गाडी लागलेलीच होती.

रात्री सरांचा फोन. ‘कसा वाटला?’
छायाचित्रण सुंदर, असं म्हणायचं ठरवलं होतं.
‘म्हैस कापली, सर.’
पलीकडे बराच वेळ काही नाही,
फक्त त्यांच्या कुकरची शिट्टी.
‘व्वा,’ सर म्हणाले, ‘हे लिहून ठेवतो.’

झोप येईना.
डोळे मिटून ती विहीर पुन्हा लावली.
काठ, दोर, शेवाळ; कंटाळा तोच.
फक्त आता डावीकडे, चौकटीच्या बाहेर
कुणीतरी नाकातून श्वास सोडतंय,
शेपटीने माशी हाकतंय,
उन्हात,
सांगितलं होतं तिथेच.