लाँड्रीचा फॉर्म, शुक्रवारपर्यंत

ग्लेंडाने फॉर्म दिलाय, शुक्रवारच्या आत भरायचा:
वर्षभराची पावडर, सॉफ्टनर, ड्रायरमध्ये टाकायचे कागद.
सोबत वासांच्या नमुन्यांची पाकिटं.
एकावर छापलंय, डोंगरातला झरा.
स्विफ्ट करंटमध्ये मला एकोणीस वर्षं झाली,
इथून डोंगर गाडीने सहा तास,
आणि झऱ्याला असा वास येत असेल
तर वरच्या अंगाला कुणीतरी शाम्पू सांडलेला असणार.

मी तळघरात असते.
वृद्धाश्रमातली चौसष्ट माणसं
माझ्यापर्यंत येतात ती कॉलरवर नाव शिवून,
खिशात टिश्यू, बिस्किटाचा चुरा, एकदा दातांची कवळी.
तोंडांपेक्षा मला बाह्या जास्त ओळखीच्या.

सॉफ्टनरचं सांगते.
पहिल्या वर्षी मी झाकणभर जास्तच ओतायचे.
टॉवेल असे मऊ, की गाल टेकावा.
मग आंघोळ घालणारी जोव्हेलिन खाली आली, बाह्या भिजलेल्या,
म्हणाली, हे पाणी टिपतच नाहीत गं, नुसतं फिरवतात.
खरंच होतं.
गोडबोल्या पाहुण्यासारखे:
हात हातात घेतील, पाठ थोपटतील,
आणि म्हातारं माणूस तसंच ओलं, कुडकुडत उभं.
तेव्हापासून टॉवेलांना व्हिनेगर,
अर्धी वाटी, शेवटच्या पाण्यात.
आंबूस वास उडून जातो.
खरखर थोडी राहते, ती पाणी धरते.

त्या रकान्यात लिहिलं: नको.
ग्लेंडा विचारेल. विचारू दे.

वासाचा रकाना अवघड.
लॅव्हेंडरने म्हणे झोप लागते.
चौदा नंबरचे बोइचुक लॅव्हेंडरचा शर्ट अंगाला लागू देत नाहीत.
"मयताच्या खोलीतला वास," म्हणतात,
आणि बटणांवर मूठ दाबून बसतात.
चाळीस वर्षं रेल्वेच्या यार्डात काढलेला माणूस.
त्यांचा एक शर्ट मी मागच्या दाराशी तारेवर टाकते,
उणे पंचवीसमध्येसुद्धा.
दहा मिनिटांत फळीसारखा कडक.
संध्याकाळी काखेत धरून आत आणते,
जिन्यात त्याच्या बाह्या हळूहळू खाली पडतात,
आणि तेव्हा जो वास निघतो
त्याचं पाकीट अजून कुठल्या कंपनीला जमलेलं नाही.
लोखंडाचा म्हणावा? नाही. लोखंडावरून आलेल्या वाऱ्याचा.
बोइचुक काही बोलत नाहीत.
हात वर करतात, लहान पोरासारखे.

राहिला शेवटचा रकाना. स्टॅटिक.
हिवाळ्यात इथली हवा इतकी कोरडी
की अंधारात ब्लँकेट झटकलं तर चांदण्या उडतात.
स्कर्टच्या मागे चिकटलेला मोजा घेऊन
एखादी बाई चर्चला जाऊनही येते.
ड्रायरमध्ये कागद टाकला की सगळं शांत,
कपडे शहाण्यासारखे एकमेकांपासून सुटतात.
टाकते की मी. त्रेसष्ट जणांना.

तीना फ्रिझनना चार वर्षं झाली, दिसत नाही.
ऐकूही कमीच.
खोलीत कोण आलं, कोण गेलं,
पलंग हलला तर कळतं, नाहीतर नाही.
एका जानेवारीत मी कागद विसरले.
त्यांची निळी लोकरी शाल पायांवर घालताना
माझ्या बोटातून त्यांच्या बोटात चट्‌कन ठिणगी गेली.
मी दचकले. त्या हसल्या.
"आलीस का," म्हणाल्या, "धुणंवाली?"
नर्सला विचारतात कोण, पाद्र्याला विचारतात कोण,
रेजायनाहून येणाऱ्या मुलाला तर दोनदा विचारतात.

फॉर्मवर फक्त आकडा हवा होता, किती पेट्या.
नेहमीचा लिहिला.
निळी शाल मी वेगळी सुकवते,
सगळ्यांच्या शेवटी, रिकाम्या ड्रायरमध्ये,
आणि वर नेताना
कठड्याला हात लागू देत नाही.