मागची फळी

डोर्लीकर मॅडमनी धरमपेठेतला दवाखाना बंद केला
आणि पंधरा दिवसांनी ताडपत्रीखालून गाडी काढली.
स्टँडर्ड हेरल्ड. दोन दारं, कापडी टप,
रंग सायीचा, जिथं उरलाय तिथं.
"गजभिये, मागं एक फळी करून दे.
दोन स्पीकर बसले पाहिजेत. हे बघ, असे लांबोळे."

मी लकडगंजातला माणूस.
देवघरं केली, दिवाण केले, कूलरचे स्टँड तर मोजलेच नाहीत.
पण जिला छत नाही
तिच्यात गाणं ठेवायचं कुठं,
हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

टप दुमडला की सीटच्या मागं येऊन बसतो
लोखंडी फासळ्यांसकट, ऐसपैस,
लग्नात आलेला मावसा सतरंजीवर बसतो तसा.
जिथं फळी, तिथंच टप.
म्हटलं, "मॅडम, एक तर आभाळ घ्या, नाहीतर आवाज."
"काऊन? दोन्ही घेईन. सुतार आहेस ना तू?"

पट्टी चालेना.
चाकावरचा फुगवटा डावीकडे एक, उजवीकडे भलताच;
कधीतरी कोणीतरी ठोकलेली, कोणीतरी ठोकून काढलेली.
मग मॅडमनी कपाटातून डबा आणला:
गुलाबी मेणाचे पत्रे, कवळीच्या कामाचे.
मेणबत्तीवर ऊन करून
गाडीच्या गालफडाला अंगठ्यानं दाबत गेल्या
आणि सवयीनं म्हणाल्या, "दुखलं तर हात वर करा."
मेण निघालं तेव्हा त्याच्यावर गंजाची नक्षी,
जुन्या वेल्डिंगचा एक थेंबसुद्धा.
तीस वर्षांत इतकं खरं माप
मी पाहिलं नव्हतं.

कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, मग पुठ्ठ्यावरून प्लाय.
मे महिना. सरस ब्रशवरच सुकायचा.
पहाटे पाचला काम, नऊला बंद,
मधे मॅडमचा चहा, बिनसाखरेचा,
"दात सांभाळ" एवढं बोलून दिलेला.
स्पीकरचं चुंबक साडेतीन इंच खोल
आणि फासळ्या सव्वादोनच्या वर एक सूत द्यायला तयार नाहीत.
त्या बर्डीवर जाऊन भांडल्या, उथळ जोडी बदलून आणली,
वर बिजागरीचे पैसे दुकानदाराकडूनच कमी करून घेतले.

फळी सीटच्या पाठीला लांब बिजागरीवर टांगली.
उचलायची, टप खाली निजवायचा,
मग फळी त्याच्या अंगावर पांघरायची.
वरून मरून रेक्झिन, कडेला दुहेरी शिलाई.
एक कोपरा पाव सूत उठलेला राहिला.
मला दिसतो. त्यांना मी सांगितलेलं नाही.

रात्री दहानंतर, डांबर जरा निवल्यावर,
टप उघडून सेमिनरी हिल्सकडे निघाल्या.
मी मागं लुनावर, हत्यारांची पिशवी पायांत,
काही ढिलं झालं तर असावं म्हणून.
रेडिओवर एक बाई संथ काही गात होती.
चढावर ठीक होतं.
उतारावर त्यांनी गाडी सोडली
आणि केस उडाले, पदर उडाला,
आणि गाणंही उडालं, अख्खं,
माझ्याकडे.
तिचा श्वाससुद्धा ऐकू आला मला,
दोन कडव्यांच्या मधला.
पानाच्या टपरीवरचा पोरगा चुना लावता लावता थांबला.
एका बंगल्यापुढचा चौकीदार खुर्चीतून उठला.
गाडी आमच्यासमोरून गेली
आणि गाणं थोडं मागं राहिलं, सावकाश आलं.

वळणावर त्या थांबल्या. मान वळवून विचारलं,
"काय रे, चालू आहे का? मला तर नुसता वारा."

आता काय सांगू.
चूक माझी नव्हती, फळीची नव्हती,
वाऱ्याचं माप कोणत्या मेणात घेणार.
"चालू आहे मॅडम. तुम्ही फक्त तिसच्या वर जाऊ नका."
"तीस? मग उघडी गाडी कशाला घेतली मी?"
असं म्हणून त्यांनी पहिला गिअर टाकला, करकरत,
आणि मी लुनाला पायडल मारलं,
जरा घाईनं,
कडवं अर्धंच झालं होतं.