कोरड्या पुलावर

शनिवारी सकाळी तिबिलिसीतला हा पूल अंथरला जातो.
खाली नदी नाही, कधीकाळी होती म्हणतात.
आता वरून वाहतात ती घरं:
कपाटांतून, माळ्यांवरून, मेलेल्या काकांच्या गॅरेजांतून
निघालेली,
आणि जाजमावर येऊन थबकलेली.

माझ्याकडे चाळीस लारी आणि एक रिकामी खोली,
ग्ल्दानीत, नवव्या मजल्यावर,
जिथली लिफ्टसुद्धा नाणं गिळल्याशिवाय हलत नाही.
खोलीत गादी आहे, उघडा बल्ब आहे,
आणि आधीच्या भाडेकरूचं कॅलेंडर होतं तिथं
भिंतीचा एक गोरा चौकोन.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांना
सोन्याचा भाव परवडत असावा.
मला जुनं हवं, कारण नवं स्टूल
तिसऱ्या महिन्यात गुडघे टेकून बसलं.

शिकले हळूहळू.
काचेला टिचकी मारायची, कान लावायचा;
तडा गेलेली काच खोकते.
कोट उलटा करून बघायचा:
बाहेरून सगळेच सभ्य,
खरं बोलतं ते अस्तर.
खुर्चीवर लगेच बसायचं नाही, आधी ती हलवायची.
आणि जे आवडलंय त्याच्याकडे ढुंकूनही न बघता
शेजारच्या वस्तूचा भाव विचारायचा.

हे शेवटचं त्सियालाबाईंपुढे चाललं नाही.
"दिवा नकोय तुला," सूर्यफुलाच्या बिया दाताने फोडत त्या म्हणाल्या,
"मघापासून तुझी सावली माझ्या पेल्यांवर पडलीय."

सहा होते. चहाचे.
साधी काच, आणि तिच्याभोवती
जर्मन सिल्व्हरचं जाळीदार कोंदण,
लांबच्या आगगाड्यांत मिळायचे तसले.
कोंदणावर द्राक्षाचा वेल.
सहाव्याचा कान तुटून तारेने बांधलेला.

सहांचे नव्वद.
मी तीस म्हणाले.
त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.
"एकेक ने. पंधराला एक.
मला कुठं गाडी पकडायचीय."

मग शनिवारमागून शनिवार, एकेक पेला
वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत पोटाशी धरून.
प्रत्येकाबरोबर एक सूचना:
खडूच्या पुडीने घास. लिंबू नको, लिंबू चरतं.
उकळतं पाणी ओतताना आत चमचा ठेव.
याहून जास्त काही त्यांनी सांगितलं नाही.

मधल्या एका शनिवारी शेजारच्या ओतियाच्या ढिगात
एक तपकिरी कोट सापडला, बारा लारी, पुरुषी,
खांदे माझ्याहून चार बोटं रुंद.
बटणं सरकवली, बाह्या दुमडल्या,
अस्तराचा निळा रंग मनगटावर मुद्दाम दिसू दिला.
बँकेतल्या मुलीने विचारलं, कुठून घेतलास?
म्हटलं, पुलावरून.
तिला ते दुकानाचं नाव वाटलं.
आता तीही शोधतेय.

सहाव्या शनिवारी जाजमावर पेला नव्हता.
तो त्यांच्या हातात होता,
थर्मासमधला चहा त्यात वाफाळत,
तारेच्या कानात बोट बरोबर बसलेलं.

"हा विकायचा नाहीये."
"पण तुम्ही सहा म्हणाला होता."
"सहा मांडले की लोक भाव विचारतात, मारेख.
पाच मांडले की विचारतात,
एक कुठं गेला."

मी विचारलं नाही.
पंधरा लारी खिशात तशाच,
कोटाच्या त्या मोठ्या खिशात, जिथं
माझा हात अजूनही दुसऱ्याच्या हातासारखा वावरतो.
बऱ्याच वेळाने त्यांनी थर्मासचं झाकण भरून
माझ्यापुढे सरकवलं. चहा कडू होता.

पाच पेले आता माझ्या खिडकीत आहेत.
दुपारी द्राक्षाच्या वेलाची सावली
त्या गोऱ्या चौकोनापर्यंत जाते, दोन बोटं अलीकडे थांबते.
परवा ऑफिसातले लोक आले, पाचजण.
मी प्लास्टिकच्या मगातून प्यायले.
कुणीतरी विचारलंच:
सेट आहे ना हा? एक कुठं गेला?

कुठं नाही, म्हटलं.
पुलावर आहे. त्यात चहा आहे.

दिवा मात्र घ्यायचा राहिलाय अजून.