निस्तारपत्रक

तहसिलीतून नक्कल मिळाली नवव्या खेपेला.
सुगंधा नान्हेनं ती डब्याच्या पिशवीतून आणली,
भाकरीच्या वाफेनं जराशी ओलसर.

समाजमंदिरात वाचली मोठ्यानं:
गट एकशे सतरा, झुडपी जंगल, गुरे चारणे.
बोरडी नदीचा काठ: धुणे, मासे धरणे,
रेती घरापुरती, प्रेत जाळणे.
मालकाच्या रकान्यात एक आडवी रेघ.

त्या रेघेवर आम्ही रात्री जाऊन बसलो,
रेतीघाटाच्या उतारावर, तीन चुली पेटवून.
बिननंबरचा ट्रॅक्टर आला दिवे विझवून.
चालवणारा बिसन, आमच्याच ढिवरटोलीचा,
जाळं विकून स्टिअरिंगवर बसलेला.
कोणी ओरडलं नाही.
देवकाबाईनं विचारलं,
"तुझ्या मायची राख कुठं शिरवली रे?"
त्यानं इंजन बंद केलं.
खाली मात्र बराच वेळ उतरला नाही.

मग मोजणी आली.
साखळी पळसाच्या खुंटावरून, मोहाखालून
सरळ शिरली आमच्या कोठ्यात,
गव्हाणीच्याही पार.
सारा गाव माझ्या बापाकडे पाहू लागला.
भिंतीवरच्या घोषणा त्यानंच लिहिल्या होत्या.

तो आत गेला. बैल सोडले. सब्बल आणली.
"अडीच हात," म्हणाला, "आज्याच्या काळचे."
पहिली मेढ हलता हलेना.

आता तिथं कुसळी गवत आलंय,
फार काही नाही.
शेजारची बकरी येऊन चरते.
माय तिला हाकलायला हात उचलते
आणि तसाच धरून ठेवते हवेत.